न चढलेली वेल

नारायण, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. चौदावा झाला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परतले, वहिनींनी तुझ्या चपला दारातून उचलून आत ठेवल्या. पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी याव्यात असं कुणीतरी म्हणालं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि मी रडत नाही. जन्म कुठला, नोकरी कुठे केली, मागे कोण कोण आहे, एवढं लिहून दिलं. ते छापूनही आलं. चूक त्यात काही नव्हती, पण ते वाचून तुला कुणी ओळखलं नसतं.

हे दुसरं तुलाच लिहितो आहे. तू वाचणार नाहीस, हे मला कळतं. बांधकाम खात्यात तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस मी, असल्या बाबतीत माझी फसगत होत नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची होती, ती मी बारा वर्षं सांगितली नाही. तुझ्या मागच्या भिंतीवर वेल का चढली नाही, ती गोष्ट.

आपण लेआउटच्या नव्या वसाहतीत शेजारी शेजारी प्लॉट घेतले तेव्हा पलीकडे तुरीचं शेत होतं आणि रात्री कोल्हे ओरडायचे. दोन्ही घरांचे नकाशे मीच काढले. तू काटोलकडचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला, आणि कलेक्टर कचेरीत कारकून. मी शहरातल्या जुन्या महाल वस्तीतला, आमच्या घरी तुळशीपलीकडे कुणी काही लावल्याचं मला आठवत नाही. पाया खणताना तू माझ्या हद्दीतली माती चिमटीत घेऊन चुरलीस आणि म्हणालास, "माती बरी हाये गा. पण कोनाच्या हाती पडली पाय." मी म्हटलं, माती नगरपालिकेच्या हद्दीतली आहे, कुणाच्याही हाती पडली तरी कर सारखाच. तू हसला नाहीस. मातीबद्दलची थट्टा तुला आवडत नसे.

हाताचा वाद तेव्हापासूनचा. तुझ्या वडिलांच्या बागेत संत्र्याची कलमं व्हायची. जंबेरी लिंबाचं रोप वाढवायचं, त्याच्या सालीत चीर द्यायची आणि संत्र्याचा डोळा आत बसवून बांधायचा. दहा वर्षांचा होतास तेव्हापासून वडील ते काम तुझ्याकडून करून घेत. मोठे भाऊ बांधत ते निम्मे डोळे वाळत, तू बांधलेले फुटत. "हाताले गुण असते," तू म्हणायचास. मी म्हणायचो, गुण खताला, पाण्याला आणि धारदार चाकूला असतो. कुंपणाच्या भिंतीशी उभं राहून, दोन बाजूंनी दोन कप चहा घेत, आपण हा वाद इतक्या वेळा केला की वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, आज कोण जिंकून राहिलं?

माझ्या नकाशांत एक चूक मात्र झाली होती. दोन्ही घरांच्या मागच्या खोल्या मी पश्चिमेला काढल्या आणि भिंती नऊ इंचीच ठेवल्या. आपल्याकडचा वैशाख मला ठाऊक नव्हता असं नाही. महालातल्या जाड मातीच्या भिंतींनी मला तो विसरायला लावला होता. मी ती खोली अडगळीला दिली. तुझ्या घरात त्या खोलीत तुझी माय झोपायची. तिला लकवा झाल्यावर तू तिला गावाहून घेऊन आलास, आणि दुसरी खोली नव्हती. खिडकीला वाळ्याची ताटी लावलीस, पाणी मारायला माणूस ठेवलास, तरी भिंत दिवस मावळल्यावरसुद्धा आतून चटका द्यायची. आणखी एक वीट चढवायला ना तुझ्याकडे पैसा होता ना माझ्याकडे. तेव्हा मीच म्हटलं, वेल चढवू.

सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाच्या बंगल्याची दुरुस्ती आमच्याकडे होती. त्याची अख्खी पश्चिम बाजू हिरव्या वेलीने झाकलेली. नखाएवढी पानं, विटेला चिकटून, कुठेही दोरी नाही की खिळा नाही. सगळे तिला आयव्ही म्हणत. पुढे कळलं की ती आयव्ही नव्हेच, वडा-अंजिराच्या कुळातली आहे. मी त्या भिंतीला आतून हात लावून पाहिला. ऐन मे महिन्यात ती माठासारखी गार होती. तुला येऊन सांगितलं तर तू संध्याकाळचं जेवण सोडून उठलास.

आता माझी करामत ऐक. आषाढात मी तिथे फांद्या आणायला गेलो. चुना मारण्यासाठी मजुरांनी खालची वेल खरवडून काढली होती आणि तिच्या बारीक, मरतुकड्या काड्या पायथ्याशी पडल्या होत्या. वर मात्र, धुराड्यापाशी, वेलीचं रूप निराळंच होतं. बोटाएवढ्या जाड फांद्या भिंतीपासून सुटून बाहेर आलेल्या, पानं तळहाताएवढी, आणि त्यांना हिरवी, अंजिरासारखी फळं. तुझं वाक्य माझ्या कानात होतं: "डोळा घ्याचा तं फळलेल्या झाडाचा. वांझ झाडाचा घेतला तं नातवंडंबी पानंच मोजत बसतीन." मी मजुराची शिडी लावली, धोतर खोचलं आणि वर चढून फळलेल्या फांद्या कापल्या. त्या तुझ्यासाठी. स्वतःसाठी खालचा केर उचलला. आयुष्यात कुणासाठी इतकं निवडून काही आणल्याचं मला दुसरं आठवत नाही.

फांद्या पाहून तू खूश झालास. "सुमन, पाय वं, मधुकरनं काय माल आनला," म्हणून वहिनींना बाहेर बोलावलंस. त्या तू कशा लावल्यास ते मी कुंपणावरून पाहिलं आहे. नदीची रेती आणलीस, फांदीचा खालचा काप तिरपा घेतलास, निम्मी पानं खुडलीस, वर ओलं गोणपाट उभारलंस. मी माझ्या काड्या स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडून खोचल्या आणि ऑफिसला गेलो.

पुढचं सगळ्या लेआउटने पाहिलं. माझी वेल दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीपर्यंत गेली, चौथ्यात गच्चीला लागली. तुझ्या सगळ्या फांद्या जगल्या, जोमाने वाढल्या, आणि जमिनीवरच झुडूप होऊन उभ्या राहिल्या. भिंतीकडे पाठ करून. तू सुतळीने बांधलंस. जुन्या धोतराच्या किनारी फाडून बांधलंस, म्हणजे साल कापायला नको. माझ्या सांगण्यावरून भिंतीचा चुना खरवडलास, छिन्नीने गिलावा खडबडीत केलास, शेण सारवलंस, रोज भिंतीवर पाणी मारलंस. बांधलेली फांदी बांधलेली असेपर्यंत भिंतीला टेकायची, गाठ सोडली की परत बाहेर. "काहून गा मधुकर," तू विचारायचास, "तुही चढून राहिली अन् माही काहून नाही?"

आणि मी थट्टा करायचो. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचो. संत्र्याच्या बागायतदाराचा पोरगा आणि त्याला महालातल्या नकाशेवाल्याने हरवलं, असं चार लोकांत म्हणायचो. मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. पहिल्या सहा वर्षांच्या थट्टेबद्दल मी माफी मागत नाही, ती थट्टाच होती.

तुझी माय खाटेवरून विचारायची, "बापू, वेल चढली का गा?" तू म्हणायचास, चढून राहिली माय, यंदा पोचते. तिला उठून खिडकीतून खाली पाहता येत नव्हतं. मी रोज संध्याकाळी तिच्यापाशी पाच मिनिटं बसायचो, तिचा चांगला हात भिंतीवर टेकलेला असायचा. एकदा मला म्हणाली, "तुह्या घरची भित थंडी हाये म्हनते." मी हो म्हटलं. आमच्या अडगळीच्या खोलीत तोवर ट्रंका आणि जुने नकाशे गारव्यात पडलेले असायचे. त्याच्या पुढच्या वैशाखात ती गेली. वय झालं होतं, दुखणं जुनं होतं, भिंतीमुळे गेली असं डॉक्टर म्हणाला नाही आणि मीही म्हणत नाही. तिचे शेवटचे चार उन्हाळे त्या भिंतीपाशी गेले एवढंच मला माहीत आहे.

मग बागवाल्यांच्या मंडळाने माझ्या भिंतीला बक्षीस दिलं. पितळेचा एक पेला. तू पेढे घेऊन आलास आणि आलेल्या गेलेल्याला सांगत सुटलास, "याच्या हाताले गुण हाये. मी आतापर्यंत याले हासत होतो." मी म्हणायला हवं होतं की हातबीत काही नसतं. तोच तर माझा पक्ष होता. पण मी पेढा खाल्ला. स्तुती गोड लागली, खोटं कशाला बोलू.

पेल्याची बातमी फिरत फिरत त्या बंगल्याच्या माळ्यापर्यंत गेली. शिवचरण त्याचं नाव. नोकरी संपवून गावी परतणार होता, त्याआधी एका दुपारी माझी भिंत पाहायला आला. तू ऑफिसात होतास. वेल पाहून त्याने मान हलवली, मग कुंपणावरून त्याची नजर तुझ्या झुडपावर गेली आणि तो थांबला. "बाबूजी, ये ऊपर की डाल किसने काटी?" मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "फलवाली डाल दीवार नहीं चढ़ती. जब तक बेल बच्ची है, तब तक चढ़ती है. ऊपर पहुँच गई, फल पकड़ लिया, तो उसका चढ़ना हो गया. उसकी डाल लगाओ तो झाड़ ही बनेगी, सौ साल बाँधो."

इतकं साधं होतं. संत्र्याला जी गोष्ट हवी, तीच या वेलीला चालत नाही. तुझा नियम तुझ्या बागेपुरता बरोबर होता, मी तो उचलून भलत्या ठिकाणी लावला. केर उचलला तो चढला, आणि निवडून आणलं ते बसून राहिलं.

शिवचरणला मी चहा दिला. मग घड्याळ पाहिलं. तू साडेपाचला येत असायचास. पाच वाजता मी त्याला मागच्या फाटकातून बाहेर काढला आणि बसच्या थांब्यापर्यंत स्वतः सोडून आलो. तो म्हणाला, बाबूजी इतना कष्ट क्यों. त्याला आदरातिथ्य वाटलं. तुझी आणि त्याची गाठ पडू नये म्हणून मी त्या उन्हात चाललो होतो.

का नाही सांगितलं, याचा मी थंड डोक्याने विचार केला आहे. सांगितलं असतं तर आपला वाद मी जिंकलो असतो. गुण हाताला नसतो, फांदीला असतो, हे भिंतीवर सिद्ध झालेलं. पण मग माझा पेलाही फांदीचाच ठरला असता. शिवाय तुझी माय गेलेली. तिची ती शेवटची चार वर्षं माझ्या हातातल्या कात्रीमुळे तशी गेली, हे तुझ्यासमोर उभं राहून म्हणायची माझी छाती झाली नाही. उद्या सांगू, असं म्हटलं. मग दिवाळीनंतर. मग ते राहूनच गेलं, आणि राहून गेलेल्या गोष्टीची सवय होते.

त्यानंतरच्या थट्टेची मात्र माफी मागतो. मी थट्टा बंद केली नाही. एकदम बंद केली असती तर तुला संशय आला असता.

तू हळूहळू लावणं सोडलंस. आधी गुलाब वाटून टाकलेस. मग मोगऱ्याच्या कुंड्या वहिनींकडे दिल्यास, "तू लाव वं, मी पानी टाकतो" म्हणून. मग काटोलला बागेच्या वाटण्या निघाल्या. निवृत्तीनंतर तिकडे जाऊन राहायचं, हे तू मला पहिल्या दिवसापासून सांगत होतास. कोणत्या बाजूला खोली बांधायची याचा नकाशासुद्धा माझ्याकडून काढून घेतला होतास, त्यात भिंती दीड वीट जाड. साक्षीदार म्हणून मी बरोबर आलो. तू तुझा हिस्सा भावाला लिहून दिलास. भाऊही चकित झाला. तू म्हणालास, "माह्या हातातलं गेलं गा ते. हातात नसन तं बाग घेऊन काय करू?" एका वेलीपायी कुणी बाग सोडत नाही, भावाच्या पोरांचाही तू विचार केला असशील, हे मला समजतं. पण तू बोललास ते असं. आणि मी खिशातून पेन काढून साक्षीदाराच्या जागी सही केली.

तुझ्या पोरीच्या लग्नात मुहूर्तमेढ रोवायची होती. ब्राह्मण बसला, खड्डा तयार, मेढीला आंब्याचा डहाळा बांधलेला. बापाने रोवायची ती. तू मेढ हातात घेतलीस आणि माझ्या हातात दिलीस. "तू रोव मधुकर. पोरीचं हाये, माह्या हातानं नको." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, लोकांना वाटलं दोस्ती पाहा. मी मेढ रोवली. मला त्या वेळी स्वतःची शिसारी आली होती, हे इथे स्पष्ट लिहितो.

तरी ते झुडूप तू उपटलं नाहीस. दर पावसाळ्यात एकदा किनारी फाडायचास आणि दोन फांद्या भिंतीला बांधायचास. त्याला फळं यायची, तुझ्या नातवाला वाटायचं अंजीर आहेत.

धंतोलीतल्या दवाखान्यात तुझ्या नाकात नळी होती तेव्हा वहिनी चहा आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत आपण दोघंच. तू माझं मनगट धरलंस आणि विचारलंस, "मधुकर, त्या वेलीले माह्या हातून काय चुकलं असन गा?" प्रश्न पुरता सरळ होता. उत्तरही चार शब्दांचं होतं. मी म्हणालो, "आता कुठे ते घेऊन बसतोस, आराम कर." तू मनगट सोडलंस. दोन दिवसांनी तू गेलास.

परवा वहिनी कात्री घेऊन कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, याची एक फांदी लावून द्या नं. पोरीकडे वर्ध्याले पाठवाची हाये. त्यायची आठवन. तुमच्या हाताले गुण हाये, ते म्हनत." मी कात्री हातात घेतली आणि मला ती चालवता येईना. मग मी सगळं सांगितलं. शिडी, फळलेली फांदी, शिवचरण, मागचं फाटक, दवाखाना. नकाशा समजावून सांगावा तसं, एकामागून एक. त्या झुडपाकडे पाहत ऐकत होत्या. मधे एकदाच म्हणाल्या, "म्हंजे आईच्या खोलीत तुमी रोज बसत होते तवा..." मी म्हटलं, तेव्हा माहीत नव्हतं वहिनी, पुढे कळलं. मग म्हणाल्या, "मले सांगून काय होते आता? त्यायले सांगाले पायजे होतं." माझ्या हातातून कात्री घेतली, फांदी स्वतःच कापली आणि आत गेल्या. काल त्यांनी चहाला बोलावलं नाही. आज मीही तिकडे फिरकलो नाही.

त्यांच्याजवळसुद्धा एक गोष्ट माझ्या तोंडून निघाली नाही. शिवचरण त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलला होता, ते वर लिहितानाही मी गाळलं. बसच्या थांब्यावर उभा असताना त्याला ते झुडूप पुन्हा आठवलं आणि तो म्हणाला, "पर अचरज की बात है बाबूजी. फलवाली डाल जड़ ही नहीं पकड़ती. मैंने जनम भर में बीस बार लगाई होगी, एक नहीं जी. और ये सब की सब जी गईं. जिसने लगाई, उसका हाथ बहुत अच्छा है. उनको मेरा राम-राम कहना."

नारायण, शिवचरणने तुला राम-राम सांगितला आहे.